स्पीकर घ्यायचा : दुकानातून की फोनवरून?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या शेजाऱ्याने लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातले. देणी भागली. हाती बारा हजार रुपये उरले. घरात दोन मते पडली. सुनेला शिलाई मशीन हवे होते. मुलाला होम थिएटर हवे होते. होम थिएटर म्हणजे टीव्हीला जोडायचे मोठ्या आवाजाचे स्पीकर.

म्हातारी आई काहीच मागत नव्हती. तिला अलीकडे कमी ऐकू येते. संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लागले की ती टीव्हीला कान लावून बसायची. आवाज मोठा केला की टीव्ही चिरक्या आवाजात ओरडायचा. म्हातारी म्हणायची, "बुवा बोलतात, पण काय बोलतात ते कळंना."

हे रोज पाहून शेवटी सुनेनेच मन मोठे केले. "मशीन पुढच्या सुगीला घेऊ," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "पण गुरुजी, पैसे पाण्यात जाऊ नयेत. दुकानात एक भाव सांगतात, फोनवर दुसराच दिसतो. तुम्ही जरा बघा."

आम्ही काही स्पीकरचे मिस्त्री नाही. पण आमचे स्वतःचे पैसे एकदा पाण्यात गेले आहेत. तेव्हा आम्ही चौकशीला लागलो. दुकाने पालथी घातली. फोनवरच्या जाहिराती चष्मा लावून वाचल्या. कायदाही वाचला. जे समजले ते तुम्हाला सांगतो.

खोक्यात काय असते?

होम थिएटरच्या खोक्यावर ५.१ असे लिहिलेले असते. पाच लहान स्पीकर आणि एक मोठा, असा त्याचा अर्थ. मोठ्याला सबवूफर म्हणतात. ढोलाचा, पखवाजाच्या डाव्या अंगाचा, ढगांच्या गडगडाटाचा जाड आवाज तो काढतो. लहान पाचांपैकी तीन टीव्हीजवळ ठेवायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे आणि एक मधोमध. माणसांचे बोलणे बहुतेक मधल्यातून येते. उरलेले दोन बसणाऱ्याच्या पाठीमागे ठेवायचे.

२.१ असे लिहिले असेल तर दोन लहान आणि एक मोठा. अलीकडे आणखी एक प्रकार आला आहे. त्याला साउंडबार म्हणतात. ही हातभर लांबीची पट्टी असते. ती टीव्हीखाली ठेवायची. काही पट्ट्यांबरोबर वेगळा सबवूफर येतो, काहींबरोबर येत नाही.

आता आपल्या घराकडे बघा. दहा बाय बाराची खोली. एका अंगाला कपाट, दुसऱ्या अंगाला बाज, मागे दार. मागचे दोन स्पीकर ठेवणार कुठे? वायर दारातून गेली की येता-जाता पाय अडकणार. आम्ही गावातली चार-पाच घरे पाहिली. पाचही स्पीकर टीव्हीच्या कपाटावर ओळीने मांडलेले, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे! पैसे पाचांचे मोजले आणि काम दोन-तीनच करतात.

खोक्यावर दुसरा आकडा असतो वॉटचा. इथेच आम्ही फसलो होतो.

आम्ही नोकरीतून मोकळे झालो त्या वर्षी तालुक्याच्या गावी एका दुकानातून स्पीकरचा संच घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ५००० वॉट छापले होते. भाव कमी, आकडा मोठा. आम्ही खूश झालो. तीन आठवड्यांत त्यातून भुंग्यासारखी घूं-घूं सुरू झाली. आम्ही संच घेऊन परत गेलो. दुकानदाराने तोंडाने काही सांगितले नाही. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर लिहिले होते, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पावती मागितली तेव्हा त्याने कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता. त्यावर दुकानाचे नावसुद्धा नव्हते. आम्ही मुकाट्याने घरी आलो.

पुढे एकदा रिकाम्या वेळी आम्ही गणित मांडले आणि आमचीच आम्हाला लाज वाटली. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. टीव्हीचा लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. २३० ला ६ ने गुणा. १३८० वॉट होतात. म्हणजे त्या प्लगमधून १३८० वॉटपेक्षा जास्त वीज घ्यायचीच नसते. मग त्या प्लगवर चालणारे यंत्र ५००० वॉटचा आवाज सतत काढणार कसे? पोरांना आयुष्यभर गुणाकार शिकवले, पण दुकानात उभे राहून हा एक गुणाकार आम्हाला सुचला नाही.

त्या मोठ्या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ असे लिहिलेले होते. तो क्षणभराच्या हिसक्याचा आकडा असतो, आणि तो मोजायची एकच पक्की रीत नाही. कंपनी वाटेल तेवढा छापू शकते. आपण पाहायचा तो आरएमएस वॉटचा आकडा. बैल एका हिसक्यात मोठा धोंडा हलवतो, ते वेगळे. दिवसभर नांगर ओढतो, ते वेगळे. आरएमएस हा नांगर ओढण्याचा आकडा आहे. खोक्यावर किंवा फोनवर तो दिलेला नसेल, तर त्या मालाकडे पाठ फिरवावी.

आणि आरएमएस वॉटही फार लागत नाहीत. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला थोडाच फरक कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. घरातल्या खोलीला चांगल्या बनावटीचे चाळीस-पन्नास वॉट पुष्कळ झाले. शेजारी आम्ही राहतो, म्हणून हे जरा जास्त आग्रहाने सांगतो आहोत.

आकडे वाचून घेतलेला स्पीकर

अमर बोस नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीतले. इंग्रज सरकारचा ससेमिरा चुकवून ते अमेरिकेत गेले होते. अमर बोस तिथेच जन्मले आणि तिथल्या एमआयटी या नामांकित संस्थेत शिकले. लहानपणी ते व्हायोलिन शिकले होते. १९५६ साली त्यांनी घरासाठी एक भारी संच घेतला. विजेचे शास्त्र शिकलेला माणूस. कागदावरचे आकडे पाहून संच पसंत केला. घरी आणून लावला आणि निराश झाले. जिवंत व्हायोलिनचा गोडवा त्यात नव्हता.

दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. बोस त्याचे कारण शोधत बसले. त्यांच्या ध्यानात आले, की सभागृहात वाद्याचा आवाज आपल्या कानावर सरळ येतो तो थोडा. भिंतींवर आणि छतावर आपटून येतो तोच जास्त. पुढे १९६४ साली त्यांनी स्वतःची स्पीकरची कंपनी काढली. ती आज जगभर माहीत आहे. बोस २०१३ साली वारले.

एवढ्या शिकलेल्या माणसाला आकड्यांवरून आवाज कळला नाही, तिथे आपली काय कथा! फ्रिज घेताना किती लिटरचा हे वाचून भागते. पंखा घेताना पात्यांची लांबी वाचून भागते. स्पीकर कानाने घ्यावा लागतो. आणि खरे म्हणजे तो आपल्या खोलीतच ऐकावा लागतो, कारण निम्मा आवाज खोलीचा असतो. पत्र्याचे छत, उघड्या भिंती आणि फरशी असली की आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. त्याच खोलीत धान्याची पोती, गोधड्या, पडदे असले की आवाज शांत होतो. पोती आवाज पिऊन टाकतात. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जाड आवाज फुगतो. भिंतीपासून थोडा पुढे ओढला की कमी होतो.

दुकानात ऐकताना

दुकानाचा मोठा फायदा हाच, की ऐकायला मिळते. पण ऐकण्यातही मेख आहे.

एक तर दुकानदार सिनेमातली मारामारी लावतो. धाड-धूड आवाज होतो, काचा हादरतात, गिऱ्हाईक भारावते. आपल्याला घरी काय ऐकायचे आहे? बातम्या, कीर्तन, भजन, मालिका. मग तेच लावायला सांगावे. आपल्या ओळखीचे गाणे किंवा कीर्तन आपल्याच फोनमध्ये घेऊन जावे. शब्द न् शब्द सुटा कळतो का ते ऐकावे.

दुसरे असे, की दोन संच एकापाठोपाठ लावले, तर ज्याचा आवाज किंचित मोठा तोच माणसाला चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. हे विकणाऱ्याला माहीत असते. ज्यात नफा जास्त त्याचा आवाज एक घर वर ठेवला की काम झाले. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करायला लावा आणि मगच तुलना करा. संकोच करू नका. हंडा घेताना आपण टिचकी मारून पाहतोच ना?

दुकानाचा दुसरा फायदा म्हणजे जोडणी. टीव्हीच्या मागे भोके असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. एचडीएमआय एआरसी असे लिहिलेला पोर्ट टीव्हीला असेल, तर एका वायरीत काम होते. जुन्या टीव्हीला तो नसतो. तिथे ऑप्टिकल किंवा ऑक्स वायर लागते. काही टीव्हीला ब्लूटूथ असते, म्हणजे वायर लागत नाही. पण कधी कधी त्यात आवाज किंचित मागे पडतो. बुवांचे ओठ आधी हलतात आणि अभंग मागून येतो. टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून न्यावा. जाणता दुकानदार फोटो पाहूनच सांगतो, तुमच्याकडे हा संच चालेल की नाही. फोनवरून माल घेताना हा फोटो समोर ठेवून आपणच जुळवून पाहावे लागते.

तोटेही आहेत. लहान दुकानात तीन-चार प्रकार असतात. नसलेला माल तो वाईटच सांगणार. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. तिथे विजेच्या मालाची दुकानाला दुकान लागून आहे. एका ठिकाणी पटले नाही तर दहा पावलांवर दुसरे. तालुक्याच्या गावी तशी सोय नाही.

फोनवरून घेताना

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट अशा कंपन्या फोनवर बाजार भरवतात. त्या बाजारात माल विकणारे व्यापारी बहुतेक निराळेच असतात. म्हणून वस्तूच्या खाली 'विक्रेता' कोण आहे ते नाव वाचावे. शिवाय काही स्पीकर कंपन्या आपल्या स्वतःच्या पानावरूनही माल विकतात.

फोनवर निवड भरपूर असते. भाव पुष्कळदा कमी असतो. दुकानाचे भाडे, नोकर, मांडून ठेवलेला माल हा खर्च त्यात नसतो. आधी घेतलेल्या लोकांची मते वाचता येतात. नुसते 'एक नंबर', 'लय भारी' लिहिलेल्याकडे लक्ष देऊ नये. मधली मते वाचावीत, थोडे चांगले थोडे वाईट सांगणारी. तीन-चार महिने वापरून मग लिहिलेले मत सोन्यासारखे. नापसंतीची मतेही वाचावीत. दहा जणांनी एकच तक्रार केली असेल, तर ती खरी धरावी.

खोडलेल्या भावाला भुलू नये. २४,९९९ रुपये खोडलेले असतात आणि खाली ९,४९९ लिहिलेले असते. पंधरा हजार वाचले असे वाटते. पण तो माल चोवीस हजारांना कोणी कधी घेतला होता का? खोडलेला आकडा बाजूला ठेवा. तोच माल, तोच नंबर, दुकानात आज कितीला मिळतो त्याच्याशी तुलना करा. नंबर अक्षर न् अक्षर सारखा हवा. नाव सारखे आणि शेवटचे अक्षर वेगळे, म्हणजे कधी कधी माल वेगळा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही ओळ बारीक अक्षरांत असते, आणि लोक नेमकी हीच वाचत नाहीत. माल परत करण्याची अट. काही मालाला 'पैसे परत' असते. काही मालाला नुसते 'बदलून मिळेल' असते, आणि तेही माल बिघडलेला निघाला तरच. आवाज पसंत पडला नाही, हा बिघाड धरत नाहीत. स्पीकर तर ऐकूनच घ्यायची वस्तू, आणि ऐकणे तर घरी आल्यावर! म्हणजे ज्या मालाला पैसे परत नाहीत, तो फोनवरून घेणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून बैल घेण्यासारखे आहे. मुदत किती दिवसांची हेही पाहावे. ती मालागणिक वेगळी असते.

पार्सल आले की खोके दबले-फाटले आहे का पाहावे. सबवूफर जड असतो, वाटेत आपटतो. खोके उघडताना दुसऱ्याला फोनवर चित्रण करायला सांगावे. आधी पत्त्याची चिठ्ठी दिसू द्यावी, मग चिकटपट्टी कापावी. आत माल फुटका निघाला किंवा भलताच निघाला, तर हे चित्रण उपयोगी पडते.

चोरांपासूनही सावध राहावे. 'आठ हजारांचा संच आठशेत' अशी जाहिरात आली की समजावे, हा सापळा आहे. माल घेतल्यावर कोणी फोन करून म्हणते, "तुमचे पैसे परत पाठवतो, पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. असे झालेच तर त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करावा. हा सरकारचा नंबर आहे. जेवढा उशीर, तेवढे पैसे लांब जातात.

कायदा कोणाच्या बाजूला?

आम्ही त्या पाटीकडे पाहून मुकाट्याने परत आलो. ते चुकले. ग्राहकाच्या रक्षणासाठी १९८६ साली कायदा झाला होता. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात स्पष्ट आहे, की पावती न देणे ही गैर रीत आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणे हीही गैर रीत आहे. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे दिले पाहिजेत. भिंतीवरची पाटी या कायद्यापेक्षा मोठी नाही.

पण पावती हवी. दुकानदार म्हणतो, "पक्की पावती घेतली तर कर लागेल, कच्च्यावर घ्या, भाव कमी करतो." स्पीकरवर १८ टक्के जीएसटी आहे, हे खरे. पण छापील कमाल किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. छापील किमतीच्या वर कर म्हणून एक पैसाही मागता येत नाही. आणि कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाला वॉरंटी कोण देणार? वॉरंटी मोजतात ती पावतीच्या तारखेपासून.

फोनवरच्या बाजारालाही २०२० साली नियम लागले. विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि परतीच्या अटी दाखवल्या पाहिजेत. तक्रार घेणारा अधिकारी नेमला पाहिजे. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तिथे दाद लागली नाही तर १९१५ नंबरवर फोन करावा. त्यावरही भागले नाही तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विकणारा दिल्लीचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात चालते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही.

वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचावा. विजेचा दाब वाढून जळाले, पाणी गेले, उंदराने वायर कुरतडली, असे झाले तर बहुतेक कंपन्या भरून देत नाहीत. आपल्याकडे दाब कमी-जास्त होतो. वीज चमकायला लागली की प्लग काढून ठेवावा. दुरुस्तीचे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हे माल घेण्याआधी कंपनीला फोन करून विचारावे. केंद्र पुण्याला असेल, तर स्वस्त घेतलेला संच एका फेरीत महाग होतो.

शेजाऱ्याने काय केले

मुलाने फोनवर एक संच हेरून ठेवला होता. ५.१ चा, ९,८०० रुपयांचा. आम्ही त्याला खोलीत उभे केले आणि म्हणालो, "मागचे दोन कुठं ठेवणार, दाखव." त्याने बाजेकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि हसला. ५.१ चा विषय तिथेच मिटला.

मग आम्ही सगळे तालुक्याला गेलो. म्हातारीलाही नेले. दुकानदाराला आधी नवल वाटले. पण त्याने खुर्ची दिली. तीन संच लावून दाखवले. आमच्या फोनमधले कीर्तन लावले, तिन्हींचा आवाज सारखा ठेवून. सर्वांत महागड्यात पखवाज छान घुमत होता, पण म्हातारीने मान हलवली. एका साध्या साउंडबारपुढे ती थांबली. त्याला लहानसा सबवूफर होता. बोलणे ठळक करायचे एक बटणही होते. ते दाबल्यावर ती म्हणाली, "आता कळतंय. बुवा तुकोबांचं सांगतायत."

दुकानाचा भाव ८,९०० होता. मुलाने तिथेच फोन काढला. तोच नंबर, ७,६०० रुपये. फरक तेराशेचा. दुकानदाराचे तोंड उतरले.

आमच्यापुढे प्रश्न पडला. तासभर त्याच्याकडे बसून ऐकायचे, चहा प्यायचा, आणि घेताना फोनवरून घ्यायचे? कायद्याने यात गुन्हा नाही. पण आम्हाला ते बरे वाटले नाही. त्या तासाचीही काही किंमत आहे. आम्ही त्याला सरळ सांगितले, "शेठ, फोनवरचा भाव हा असा आहे. तुम्हाला तो परवडणार नाही, आम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही काय देऊ शकता ते बोला."

त्याने विचार करून ८,२०० सांगितले. त्यात वायर आली आणि घरी येऊन जोडून देणेही आले. आम्ही आणखी एक मागितले. "घरी लावून आवाज पटला नाही, तर आठ दिवसांत बदलून द्याल, असे पावतीवर लिहा." तो थोडा कुरकुरला, पण लिहिले. फोनवर त्या मालाला 'बिघडला तरच बदलून मिळेल' अशी अट होती. म्हणजे सहाशे रुपये जास्त दिले ते जोडणीचे, वायरीचे आणि आठ दिवसांचे. आम्हाला सौदा योग्य वाटला. त्याने हप्त्यांचेही सुचवले, बिनव्याजी म्हणून. विचारल्यावर कळले, की कागदपत्रांचे पैसे वेगळे. रोख पैसे होते, म्हणून तो विषय सोडला.

याउलट आमचा भाचा पुण्याला असतो. त्याने मित्राच्या घरी एक संच महिनाभर ऐकला होता. नंबर ठाऊक होता. कंपनीचे केंद्र त्याच्या घरापासून जवळ. त्याने तोच संच फोनवरून मागवला आणि दोन हजार वाचवले. त्यानेही बरोबरच केले. ऐकण्याचे काम त्याचे आधीच झाले होते. त्यासाठी दुकानदाराला पैसे कशाला द्यायचे?

शेजाऱ्याकडे पहिल्या दिवशी थोडी पंचाईत झाली. दुकानातला गोड आवाज घरी येऊन घुमायला लागला. वर पत्रे, खाली फरशी. म्हातारी पुन्हा म्हणाली, "कळंना." मुलगा घाबरला. आम्ही सबवूफर कोपऱ्यातून दीड हात पुढे घेतला. टीव्हीसमोरच्या भिंतीला जुनी गोधडी टांगली. ज्वारीची चार पोती ओसरीवरून आत आणली. मग बुवांचे शब्द सुटे ऐकू येऊ लागले. म्हातारी आता बाजेवर टेकून ऐकते.

बारा हजारांतले ३,८०० उरले. ते सुनेने मशीनसाठी पोस्टात टाकले. पावती आणि खोक्यावरची नंबराची चिठ्ठी एका पिशवीत घालून खुंटीला लावली आहे.

खोक्यावरून मात्र घरात थोडी कुरबुर झाली. शेजारणीला त्यात खुडूक कोंबडी बसवायची होती. आम्ही म्हणालो, "आठ दिवस थांबा. माल बदलायचा झाला तर दुकानदार खोके मागेल." नवव्या दिवशी सकाळी कोंबडी बसली.